सतराच्या खालचा ठिपका

आमच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं एक बाई भाड्याने राहिली. तिचं नाव घरात कुणी घेतलंच नाही. पहिल्या आठवड्यात मी "वरची आली का", "वरची जेवली का" असं विचारायला लागले आणि तेच तिला चिकटलं. तिलाही ते चाललं. म्हणायची, "बरोबर आहे आजी. खोली वर, नोकरी त्याहून वर. खाली मी फक्त चहाला येते."

ती विमानात काम करायची. कुणी हवाईसुंदरी म्हटलं की कोपरापासून हात जोडायची. "सुंदरी कसली हो, हवेतली हमाल. बॅगा चढवा, ताटं उचला, उलट्या पुसा, आणि वर हसा."

तिची एक चाकांची बॅग होती. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. कामावरून आली की ती बॅग पायरीपायरीवर आपटत वर जायची आणि माझी मुलगी हातातलं शिवण न थांबवता म्हणायची, "उतरलं विमान." चौदा आवाज झाले की मी पाणी तापवायला ठेवायचे. एक बादली तिच्या पायांना, एक कप तिच्या पोटाला.

आपल्या जाण्यायेण्याच्या वेळा ती आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. माझी शाळा चौथीत सुटली, पण आकडे मला कळतात, इंग्रजीसुद्धा. तिचा सात तर मी लांबून ओळखायचे. त्याच्या पोटावर ती आडवी रेघ मारायची.

"साताला पट्टा कशाला बांधतेस?" मी एकदा विचारलं.

"नाहीतर घाईत तो एकासारखा दिसतो. मग अकराचं ताट सतराला जातं आणि सतराची बोलणी मला बसतात."

चहा पिताना ती विमानातल्या गमती सांगायची. एका गृहस्थाने ओले मोजे पुढच्या माणसाच्या डोक्यामागे वाळत घातले होते. एकाला गुदमरत होतं म्हणून खिडकी उघडून हवी होती. एकाने अकरा वेळा घंटी दाबली, का, तर घंटी चालते की नाही ते बघायला. आम्ही हसायचो, आणि मग ती दुसरे किस्से सांगायची, हळू आवाजात, नात खोलीत नसली की. पिऊन अंगावर येणारे. जाताना मुद्दाम गुडघा आडवा घालणारे. पट्टा लावून द्या म्हणून हात धरणारे.

"मग तू काय करतेस गं?"

"गुडघ्यावर बसते. त्याच्या सीटपाशी, त्याच्या नजरेच्या खाली. उभं राहून बोललं की माणूस भांडतो. खाली बसून हळू बोललं की त्याला वाटतं, आपण राजे. राजा झाला की गप्प बसतो." मग पाय बादलीत हलवत म्हणायची, "इतकी वर्षं राजे बसवले आजी, त्यातच गुडघे गेले."

एका दुपारी तिने मला त्यांची एक रीत सांगितली. विमानात दोन गल्ल्या असतात, डावी आणि उजवी, आणि मागच्या बाजूला त्यांचं छोटं स्वयंपाकघर. तिथल्या कपाटाच्या दाराला आतून या पोरी एक कागद चिकटवतात. त्यावर सीटचे आकडे आणि खुणा. आकड्याभोवती गोल काढला असेल तर त्याला औषधासाठी पाणी द्यायचं. फुली असेल तर झोपलाय, उठवायचं नाही. आणि आकड्याखाली ठिपका असेल तर त्या माणसाचा हात त्याच्या ताब्यात नाही.

"ठिपकेवाल्याकडे एकटीने जायचं नाही," ती म्हणाली. "फारच झालं तर गल्ली बदलायची. पण जी आपली गल्ली दुसरीला देते तिने आकडा तोंडाने सांगायचा. कागदावर आहे म्हणून भागत नाही. हे कंपनीच्या पुस्तकात नाही, हे आमचं आहे. नाही सांगितलं तर पाप लागतं."

मला ते फार आवडलं. शहाण्या बायकांनी केलेला नियम वाटला.

आता नातीचं सांगते. तिला आम्ही बुटकी म्हणतो, कारण ती आहे. तिच्या मनात वरचीसारखं विमानात जायचं भरलं आणि तिथे उंची मोजतात, भिंतीवर खूण असते, तिथवर बोटं पोचावी लागतात. वरचीने आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तेवढी खूण केली आणि सहा महिने तिच्याकडून हात ताणून घेतले. पोरगी बोटभर वाढली की चौकट खचली, देव जाणे, पण पोचली.

माझ्या मुलीच्या मनात नव्हतं. "आई, परक्या बाईच्या भरवशावर मी पोरगी हवेत सोडू?"

मी म्हटलं, "अकरा वर्षांत तिने एक कप फोडला नाही आपला." तेव्हा खरंतर आठच झाली होती. भांडणात मी थोडं वाढवून बोलते.

वरची तिथेच होती. माझ्या मुलीला म्हणाली, "ताई, माझ्या नजरेखाली राहील ती." मुलीने शिवणयंत्राचं चाक इतक्या जोरात फिरवलं की दोरा तुटला.

तीन वर्षं सगळं नीट चाललं. कधीकधी दोघींची फेरी एकच यायची, मग जिन्याखाली दोन बॅगा असायच्या. बुटकी तिला ताई म्हणायची, ती हिचे केस बांधून द्यायची. वरची आता विमानातल्या सगळ्या पोरींची मुख्य होती. पन्नाशी जवळ आली होती, आणि कंपनीच्या शाळेत नव्या पोरींना शिकवायची जमिनीवरची जागा तिला मिळायची होती. तिच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. "एवढी मिळाली की गुडघे सुटले, आजी."

मग ती फेरी आली. भर दुपारची. विमान एका ठिकाणाहून निघून मध्ये एकदा थांबून पुढे जाणारं. पहिल्या टप्प्यात डावी गल्ली वरचीकडे होती, उजवी बुटकीकडे. मधल्या थांब्यावर वरची म्हणाली, "डावीकडच्या गाडीचं चाक अडतंय गं, आणि माझा गुडघा दुखतोय. तू डावी घे." बुटकीने घेतली. एरवी ती आधी स्वयंपाकघरात जाऊन कागद बघायची, सगळ्याच बघतात. पण ताईने स्वतः गल्ली दिली होती, म्हणजे सांगायचं काही असतं तर तोंडाने सांगितलंच असतं. म्हणून बघितला नाही.

सतराव्या रांगेत कडेच्या सीटवर एक साहेब होते. सूट, कंपनीचं खास प्रवाशांना देतात ते कार्ड, केस छान बसवलेले. बुटकीने पाणी दिलं तर पेल्याबरोबर मनगटही धरलं. तिने शिकवल्याप्रमाणे हळूच सोडवलं. पलीकडच्या म्हातारबुवांचं ताट उचलायला वाकली तर कमरेवर हात आला. ती म्हणाली, "साहेब, हात काढा." काढला. ती पुन्हा वाकली, आणि हात पुन्हा आला, आता आणखी खाली. ती दचकली आणि दुसऱ्या हातातल्या किटलीतला चहा त्यांच्या मांडीवर गेला.

तेव्हा वरची उजव्या गल्लीत, त्याच रांगेशी, आपल्या गाडीपाशी उभी होती. मध्ये बसलेल्यांच्या डोक्यांवरून दोघींची नजरानजर झाली होती, चहा सांडायच्या आधी, हात तिथे असताना. बुटकी मला सांगत होती, "आजी, तिने बघितलं. मी तिच्याकडे बघत होते आणि ती त्या हाताकडे बघत होती."

साहेब ओरडले. वरची आली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "माफ करा साहेब. नवीन आहे." तीन वर्षांची नवीन.

विमान उतरल्यावर साहेबांनी तक्रार लिहिली की या मुलीने उद्धटपणे बोलून अंगावर उकळता चहा ओतला. बुटकीने जे झालं ते लिहिलं. कंपनीने तिला घरी बसवलं आणि सांगितलं, पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकरा वाजता चौकशी. नोकरी राहते की जाते ते त्यात ठरणार होतं. साहेबांच्या शब्दाविरुद्ध हिचा शब्द. प्रवासी आपापल्या वाटेने गेले, साक्ष एकीचीच, मुख्य बाईची.

"ताई सांगेल," बुटकी म्हणायची. निवांत होती. कपाटं आवरली, आईची बटणं लावून दिली.

मला मात्र तिसऱ्या दिवशी काहीतरी खुपायला लागलं. कॅलेंडरवर वरची येण्याची वेळ होती, मी पाणी ठेवून बसले होते आणि जिना वाजलाच नाही. म्हटलं उशीर झाला असेल. तासाभराने वर नळ सुटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून बघितलं. ती बॅग दोन्ही हातांनी उचलून, छातीशी धरून, चवड्यांवर जिना उतरत होती. अकरा वर्षं आपटलेली बॅग. आणि गुडघा अजिबात दुखत नव्हता.

शनिवारी बुटकीच्या हातात तिचा रिपोर्ट पडला. कंपनीने दोघींचे कागद एकमेकींना दाखवले होते. वरचीने लिहिलं होतं, "मी काही गैर पाहिलं नाही. मला फक्त चहा सांडलेला दिसला."

बुटकीने ते दोनदा वाचून दाखवलं. माझी मुलगी शिवणयंत्राशी होती. तिने मान वर केली नाही. "कप नाही फोडला ना," एवढंच बोलली.

त्या दुपारी बुटकी आईबरोबर बाहेर गेली आणि मी हाताला काम म्हणून तिचे कपडे धुवायला काढले. एप्रनच्या खिशात कागदाचा बोळा होता. विमान उतरलं की धाकटीने कपाटावरचा कागद काढून कचऱ्यात टाकायचा असतो. त्या गडबडीत तिने तो खिशात कोंबला आणि विसरून गेली. मी तो मांडीवर पसरला. आकडे, गोल, फुल्या. आणि मधे सतरा. साताला पट्टा बांधलेला. खाली ठिपका, पेन दाबून दिलेला, इतका की कागदाला मागून उंचवटा आला होता. वर दोन टप्प्यांचे दोन रकाने होते आणि सतरा पहिल्यात होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. चाक अडत नव्हतं. तिने त्या माणसाची गल्ली माझ्या नातीला दिली आणि आकडा सांगितला नाही.

मी वर गेले. चौदा पायऱ्या चढायला मला दोनदा थांबावं लागलं. तिने दार उघडलं, माझ्या हातातला कागद बघितला आणि खुर्ची पुढे केली. मी बसले.

"हा तुझा सात ना?"

"हो."

"कधी लिहिलास?"

"निघाल्यावर तासाभरात." मग म्हणाली, "माझाही हात धरला होता त्याने, आजी. आणि पुढे... असू दे. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी नको. फक्त एक टप्पा नको."

"मग तिला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कॅप्टनला कळवू. मग लिहापढी, चौकशी, आणि तो कार्डवाला. शाळेची जागा या महिन्यात ठरतेय. मला वाटलं ती तरुण आहे, झटकून टाकेल."

"आणि पाहिलं नाही असं का लिहिलंस?"

ती पुढे आली. मग माझ्या खुर्चीपाशी खाली बसली, गुडघ्यावर, माझ्या नजरेच्या खाली, आणि हळू आवाजात बोलायला लागली. "माझं चुकलं. मी गुरुवारी जाते आणि सगळं सांगते. पण हा कागद माझ्याकडे द्या. बुटकीने पुढे केला तर म्हणतील हिनेच घरी बसून ठिपका काढला. मी माझ्या हाताने ठेवला तर कुणाला शंका घेता येणार नाही. माझंच अक्षर, मीच कबूल करणारी."

तिचे डोळे भरले होते. ते खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. आणि बोलणं तर किती पटण्यासारखं होतं. मी तिला कागद दिला. तिने तो घडी घालून उशीखाली ठेवला, माझा हात धरून मला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचवलं. मी खाली येऊन वाटाणे सोलायला बसले तर मन हलकं होतं. बुटकीला कागदाचं काही सांगितलं नाही. म्हटलं, गुरुवारी तिला तिथेच कळू दे, जास्त आनंद होईल. एवढंच सांगितलं, "वरचीशी बोलले आहे. ती बोलणार आहे."

पोरगी माझ्या त्या शब्दावर गेली. युनिफॉर्मला इस्त्री, केस स्वतः बांधलेले, जरा वाकडे.

दुपारी दोनला परत आली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बूट काढायला लागली.

"काय झालं?"

"कामावरून काढलं."

"अगं पण ती बोलली ना?"

"बोलली. 'मी लिहिलंय त्यात बदल नाही.' एवढं एकच वाक्य. माझ्याकडे बघितलं नाही."

"आणि कागद?"

बुटकीने बुटाची नाडी सोडली आणि वर बघितलं. "कुठला कागद?"

मग मला सगळं सांगावं लागलं. तिथेच, पायरीवर, उभं राहून. एप्रनचा खिसा, सात, ठिपका, खुर्ची. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की वरची माझ्यापुढे गुडघ्यावर बसली होती. बावीस वर्षं जे सूटवाल्यांना करायची तेच तिने मला केलं. मी राजा झाले आणि गप्प बसले.

मला वाटलं पोरगी आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही बूट जोडीने पायरीखाली ठेवले. मग म्हणाली, "तू निदान सांगितलंस आजी. उशिरा का होईना, तोंडाने सांगितलंस." आणि आत गेली. मी म्हटलं ना, शहाण्या बायकांचा नियम होता तो. तिने तो माझ्यावर लावला आणि मला सोडून दिलं. मी स्वतःला अजून सोडलेलं नाही.

वरची चार दिवसांनी गेली, आम्ही घरी नसताना. किल्ली कुंडीखाली, खोली झाडून स्वच्छ. उशीखाली मी बघितलं, अर्थात काही नव्हतं. मी तिला एक स्वेटर विणून दिला होता, विमानात थंडी असते म्हणून, निळा, कोपरांना दुहेरी. तो ठेवून गेली असती तर मी म्हटलं असतं की लाज वाटली. तो मात्र घेऊन गेली. त्याचं मला कागदापेक्षा जास्त लागलं. कागद नोकरीसाठी घेतला, कळतं. स्वेटर कशासाठी?

बुटकी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. वरच्या फळीला हात पोचत नाही, मालकाने स्टूल दिलंय. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवताना ती समोर उभी राहते, शेजारी कधी नाही, आणि तिच्या मागे कुणी उभं राहिलं की काच खाली ठेवते आणि वळते. पुन्हा कुठल्या विमान कंपनीत अर्ज केला नाही. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण तशीच आहे. तिच्या आईने एकदा खोडरबर घेतला होता, बुटकीने तो काढून घेतला.

खोली आठ महिने रिकामी होती. मागच्या सोमवारी पाटी बघून एक मुलगी आली. उंच, लाजरी, जिन्याखाली चाकांची बॅग उभी केलेली. विमानाच्या शाळेत शिकतेय म्हणाली.

"कोण शिकवतं गं तुम्हाला?"

"आमच्या एक मोठ्या बाई आहेत. फार छान शिकवतात, आजी. त्रास देणारा प्रवासी कसा हाताळायचा ते तर त्यांच्याकडूनच ऐकावं. खाली बसायचं, हळू बोलायचं." मग तिने बोट वर केलं, वर्गात करतात तसं. "आणि त्यांचा एक नियम आहे. गल्ली देणारीने आकडा तोंडाने सांगायचा. नाही सांगितलं तर पाप लागतं."

मला हसू आलं, आणि हसताना ठसका लागला. ती बिचारी घाबरून पाणी शोधायला लागली.

"त्या बाई निळा स्वेटर घालतात का?" मी विचारलं.

"रोज. तुम्हाला कसं ठाऊक?"

मी तिला म्हटलं, खोली बघायच्या आधी इथे पायरीवर बस, तुला एक सांगायचंय. ती बसली. कुठून सुरुवात करावी ते मी जुळवत होते, तेवढ्यात बुटकी दुकानातून आली. जिन्याखालची बॅग बघून दारातच थांबली. मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय चाललंय ते तिला न सांगता कळलं.

"तू नको आजी," ती म्हणाली. पिशवी खुंटीला अडकवली आणि त्या मुलीशेजारी पायरीवर बसली. "गल्ली माझी होती. मी सांगते."

मी उठले आणि चहाचं पाणी ठेवलं. आतून ऐकू येत होतं, ती सतरापासून सुरुवात करत होती.